पी०१७१, चोरला घाट आणि घरचा स्कॅनर: एका गाडीचे प्रकरण

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ची, १ लाख ४ हजार किलोमीटर चाललेली. पहिली नोंदणी पुण्याची. पुढे खानापुरातल्या एका हायस्कूल शिक्षकांनी ती जुनी म्हणून घेतली आणि केए-२२ पासिंग करून घेतले. महिन्यातून दोनदा तरी जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला जाणे-येणे. तक्रार एवढीच, की साखळीकडून वर येताना चोरला घाटात तिसऱ्या गिअरला गाडी दमते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. सपाटीवर, बाजारात, सकाळी स्टार्ट करताना काहीही त्रास नाही.

बेळगावात एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला पी०१७१. "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकूया." अंदाज साडेचार हजारांचा. सरांनी विचार करून सांगतो म्हटले, म्हणून तूर्त कोड उडवून दिला. सहाव्या दिवशी घाटातच दिवा परत लागला.

सर ऑइल, प्लग, ब्रेकपॅड घरीच बदलतात. मल्टिमीटर आहे, आठपासून एकोणीसपर्यंत पाने आहेत. त्यामुळे साडेचार हजार सेन्सरवर घालण्याआधी एक स्कॅनर घ्यावा हा विचार बरोबरच होता. कुठला घ्यावा, तिथे मात्र पहिली खरेदी चुकली. ती का चुकली हे नीट कळले, तर दुसरी आपोआप ठरते.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

पी०१७१ म्हणजे पहिल्या बँकेत (सिलिंडरांच्या रांगेत) मिश्रण पातळ: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. का कमी पडते, हे त्या कोडमध्ये नाही. इंजेक्टर तुंबलेले असतील, पंप थकलेला असेल, टाकीतली जाळी बुजलेली असेल, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल, इनटेकला कुठे हवा ओढत असेल, किंवा खरोखरच सेन्सर खोटे बोलत असेल. ऑक्सिजन सेन्सरने खबर दिली म्हणून त्यालाच बदलणे ही या कोडवर सर्रास होणारी चूक आहे, आणि पैसे जातात ते इथेच.

या सहा शक्यता वेगळ्या करायच्या तर चालू इंजिनचे आकडे लागतात. त्यातले मुख्य दोन म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडले, ते हे आकडे सांगतात. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म सावकाश शिकतो आणि लक्षात ठेवतो. अधिक दहा म्हणजे दहा टक्के जादा. दोन्हींची बेरीज बराच वेळ पंचवीसच्या आसपास राहिली, की बहुतेक गाड्या दिवा लावतात. नेमकी मर्यादा गाडीगणिक वेगळी.

म्हणून स्कॅनरच्या खोक्यावर 'तीन हजार कोड ओळखतो' असे छापलेले असते त्याला काही किंमत नाही. कोडचा अर्थ मोबाइलवर फुकट मिळतो. पाहायचे ते तीन गोष्टींसाठी: लाइव्ह डेटा (चालू इंजिनचे आकडे) दिसतो का, फ्रीझ फ्रेम (दिवा लागला त्या क्षणीचे साठवलेले आकडे) वाचता येते का, आणि तो तुमच्या गाडीची भाषा बोलतो का. पहिली खरेदी या तिसऱ्यावर फसली.

साडेचारशेचा अ‍ॅडॅप्टर का जोडला गेला नाही

अंगठ्याएवढा निळा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर ऑनलाइन मागवला होता. वर 'ईएलएम३२७, व्ही२.१' असे छापलेले. पुतण्याच्या २०१९च्या गाडीला क्षणात जोडला गेला. सरांच्या गाडीला मात्र दर वेळी 'कनेक्ट होऊ शकत नाही'. गाडीची वायरिंग खराब असा निष्कर्ष जवळजवळ निघाला होता.

गाडीत दोष नव्हता. ओबीडीच्या (गाडीच्या स्वतःच्या दोष-तपासणी यंत्रणेच्या) सोळा पिनांच्या सॉकेटमधून गाड्या वेगवेगळ्या भाषांत बोलतात. नव्या गाड्या कॅनवर चालतात, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर. जुन्या बऱ्याच गाड्या के-लाइनवर, सात नंबरच्या पिनेवर. सॉकेटकडे तोंड करून, रुंद बाजू वर ठेवली, की वरची ओळ डावीकडून एक ते आठ आणि खालची नऊ ते सोळा. या गाडीच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहिले, तर धातूच्या पिना चारच होत्या: ४, ५, ७ आणि १६. सहा आणि चौदाची जागा रिकामी. म्हणजे गाडी के-लाइनची. पिना असल्या म्हणून त्या वापरात आहेतच असे नाही, पण नसल्या तर प्रश्नच मिटतो. मल्टिमीटरने १६ आणि ४ मध्ये १२.५ व्होल्ट आले, म्हणजे सॉकेटला करंट आहे आणि फ्यूज शाबूत आहे. हे दोन मिनिटांचे काम खरेदीच्या आधी करायचे.

ईएलएम३२७ ही मूळ एका कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीचा प्रोग्राम नकलेपासून राखलेला नव्हता, म्हणून तिच्या नकला जगभर झाल्या. बाजारात मिळणारी 'व्ही१.५' ही आवृत्ती त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरीही व्ही१.५च्या काही नकला सगळे प्रोटोकॉल (म्हणजे याच भाषा) धडपणे बोलतात, आणि व्ही२.१ छापलेल्या स्वस्त नकलांत बहुधा कॅनपुरतेच काम होते. के-लाइनला लागणारे सुटे भाग बोर्डवर बसवलेलेच नसतात. मोठा नंबर पाहून घेणारा इथे फसतो.

आणखी एक गोष्ट बेळगाव-खानापूर-निपाणी भागात विशेष लक्षात ठेवावी. भारत स्टेज ४ (बीएस-४, गाडीच्या धुरावरच्या मर्यादांचा सरकारी नियम) एप्रिल २०१० मध्ये पुणे, सोलापूर, बंगळूर, मुंबई अशा १३ शहरांत आधी आले आणि देशभर सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची गाडी पुण्याची असेल तर स्टेज ४ आणि दुसऱ्या गावची असेल तर स्टेज ३ असू शकते. स्टेज ४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आले. सीमाभागात जुन्या गाड्या पुण्याकडून बऱ्याच येतात, म्हणून आरसीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. स्टेज ३ गाडीला सॉकेट असले तरी साधा स्कॅनर बोलेलच याची खात्री नसते. तिथे परत करण्याची सोय असेल तरच घ्यावा. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांना ही अडचण सहसा येत नाही.

दुसऱ्या खेपेला काय घेतले

समोर तीन वाटा होत्या. वायरचा, छोट्या पडद्याचा हातातला रीडर, साधारण तीन हजारांचा. सगळे प्रोटोकॉल बोलणारा चांगल्या चिपचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर, अडीच हजारांच्या आसपास, वर अ‍ॅपचे चारेकशे. आणि गॅरेजवाल्यांचा टॅब्लेट स्कॅनर, वीस-पंचवीस हजारांच्या पुढे.

टॅब्लेट एबीएस, एअरबॅग, चावी जुळवणे, इंजेक्टरचे कोड भरणे, डिझेलच्या डीपीएफची (काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सक्तीची सफाई अशी कामे करतो. घरात एक पेट्रोल गाडी असलेल्याला त्यातले वर्षातून एकदा लागले, तर दोन-पाचशे देऊन गॅरेजात करून घ्यावे. घरी बीएस-६ डिझेल असेल आणि डीपीएफचा दिवा वारंवार येत असेल, तर अडीच हजारांच्या अ‍ॅडॅप्टरकडून ती सफाई होईल अशी आशा धरू नये. ट्रॅक्टरसाठी तर यातले काहीच घेऊ नये.

हातातला रीडर वाईट नाही. मोबाइल जोडायची भानगड नाही, बॅटरी नाही, गाडीच्याच करंटवर चालतो, आणि धुळीच्या हाताने दाबला तरी चालतो. ज्यांना फोनशी झटापट नको त्यांनी खुशाल हाच घ्यावा. मात्र फक्त कोड वाचणारा-पुसणारा नको, लाइव्ह डेटावाला हवा. सरांच्या गाडीला तो नाकारला तो एकाच कारणाने: दोष फक्त घाटात दिसत होता. चालत्या गाडीत छोट्या पडद्यावर आकडे वाचणे धोक्याचे, आणि स्वस्त रीडरमध्ये प्रवासभराची नोंद साठवता येत नाही. ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरबरोबर टॉर्क प्रो किंवा कार स्कॅनर यांसारखे अ‍ॅप नोंद फाइलमध्ये ठेवते, ती घरी येऊन बघता येते. अँड्रॉइड फोन होता म्हणून साधे ब्लूटूथ चालले. आयफोन असता तर ब्लूटूथ लो एनर्जीचा किंवा वायफायचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागला असता.

आल्या दिवशीच तपासणी केली, परत करण्याची मुदत संपायच्या आत. फोनच्या सेटिंगमध्ये जोडणी करताना आकडा १२३४ लागला, काहींना ०००० लागतो. चावी दुसऱ्या टप्प्यावर, इंजिन बंद: अ‍ॅपने स्वतःहून के-लाइनचा प्रोटोकॉल ओळखला. रात्रभर उभ्या गाडीत पहाटे कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहिले: १९ आणि २० अंश. थंड गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे यायलाच हवेत. दहा-पंधरा अंशांचा फरक आला तर एखादा सेन्सर चुकतो आहे. व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा ०.३ कमी दाखवत होता, तेवढा फरक चालतो. मग वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून जोडणी तुटते का ते पाहिले. तुटली नाही.

एका आकड्यावर मात्र गोंधळ झाला. चावी चालू, इंजिन बंद असताना एमएपी सेन्सरने (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) ९४ किलोपास्कल दाखवले. इंटरनेटवरचे तक्ते १०१ सांगतात, मग सेन्सर खराब? नाही. १०१ हा समुद्रसपाटीचा दाब. खानापूर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे ९४च येणार. बेळगावात साडेसातशे मीटरवर साधारण ९३. हीच गाडी पणजीत उभी करून पाहिली तर १०१ येईल. आपल्या गावचा आकडा माहीत नसेल तर चांगला सेन्सर फेकला जातो.

घाटातली मोजणी

दिवा लागलेला होता तोवर पहिले काम फ्रीझ फ्रेम वाचून लिहून घेण्याचे. दिवा लागला त्या क्षणीचे आकडे ईसीयू त्यात गोठवून ठेवतो, आणि कोड पुसला की ते कायमचे जातात. पहिल्या वेळी गॅरेजात नेमके तेच झाले होते. या खेपेची फ्रेम: २,९०० आरपीएम, लोड (इंजिनवरचा भार) ८४ टक्के, वेग ४६, कूलंट ८८ अंश, शॉर्ट टर्म अधिक १२, लाँग टर्म अधिक १८. म्हणजे गाडी गरम, चढणीवर, जोर लावलेली. आयडलिंगला (उभ्या गाडीत, रेस न देता) नव्हे. एवढ्यावरच निम्मा तपास झाला.

पुढे लाइव्ह डेटा. के-लाइन फार मंद आहे: सेकंदाला १०.४ किलोबिट, तर कॅनवर ५००. अ‍ॅपमध्ये हौसेने पंधरा आकडे लावले की प्रत्येक आकडा तीन-चार सेकंदांनी एकदा बदलतो. चांगला ऑक्सिजन सेन्सर सेकंदाला एकदा तरी ०.१ आणि ०.८ व्होल्टमध्ये खालीवर होत असतो. तो असा मंद दाखवला की मेलेला वाटतो. सेन्सर तपासताना म्हणून दोनच आकडे लावायचे, सेन्सरचे व्होल्टेज आणि आरपीएम. तसे केल्यावर सेन्सर व्यवस्थित हलताना दिसला. उतारावर गिअरमध्ये पाय काढला की पेट्रोल बंद होते, तेव्हा ०.०५ व्होल्ट, परत रेस दिल्यावर लगेच ०.८. सेन्सर दोन्ही टोके गाठतो, वेळेवर गाठतो. साडेचार हजारांचा प्रश्न इथे संपला.

मग ट्रिम, तीन ठिकाणी. न्यूट्रलमध्ये ७५० आरपीएमला लाँग टर्म अधिक ७. उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला अधिक ९. आणि घाटात, एकजण चालवताना दुसरा फोन सांभाळतो आहे अशा स्थितीत, तिसऱ्या गिअरला ३,००० आरपीएमला लाँग टर्म अधिक १९, वर शॉर्ट टर्म अधिक १३. पाय पूर्ण दाबला असता ईसीयू ट्रिम बाजूला ठेवून मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो, तेव्हा सेन्सरने ०.८च्या वर जायला हवे. इथे तो ०.१५वर पडून राहिला. ईसीयू पेट्रोल मागतो आहे, ते पोचत नाही.

हवा ओढत असेल तर चित्र उलटे दिसते: आयडलिंगला ट्रिम वाईट आणि रेसवर सुधारते. त्यातही हे इंजिन एमएपी सेन्सरवर हवा मोजणारे आहे. अशा इंजिनात इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला) भोक पडले तर शिरलेली हवाही दाबात मोजली जाते, म्हणून कोडपेक्षा आयडलिंग वाढणे हे लक्षण आधी दिसते. इथे आयडलिंग ७५०वर स्थिर, दाब ३३ किलोपास्कल, ठीक. एक्झॉस्टची चीरही आयडलिंगलाच जास्त फसवते; तरी थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर कापड धरले आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ फुसफुस येते का ते ऐकले. नव्हती.

राहिला पेट्रोलचा पुरवठा

इथून पुढे स्कॅनर काही सांगू शकत नाही. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या दाबाचा सेन्सरच नसतो.

आधी विजेची बाजू: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ आणि पंपाच्या कनेक्टरवर १३.५ व्होल्ट. ०.५पर्यंतची घट चालते, म्हणजे वायरिंग ठीक. मग किती पेट्रोल येते ते मोजले. पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. रेलकडे (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीकडे) जाणारी नळी सोडून तिला लांब पाइप लावून मापाच्या कॅनमध्ये सोडली, फ्यूज परत बसवला आणि पंपाचा रिले जंपरने (जोडवायरने) तीस सेकंद चालवला. हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, जवळ अग्निशामक ठेवून आणि जंपर कॅनपासून दूर बोनेटमध्ये लावूनच करायचे. बंद शेडमध्ये अजिबात नाही. ज्यांना नळीचे क्विक कनेक्टर सोडायची सवय नाही त्यांनी हा टप्पा उद्यमबागेतल्या एखाद्या गॅरेजात करून घ्यावा. साधारण तीस सेकंदांत अर्धा लिटर यायला हवे. आले २८० मिली.

मागची सीट उचलली, झाकण काढले, बॅटरीचा निगेटिव्ह सोडला, पंप बाहेर काढला. पंपाच्या तळाची जाळी तपकिरी चिकट थराने बुजलेली होती. दहा वर्षांची टाकी, त्यात कायम रिझर्व्हवर चालवायची सवय, आणि इथेनॉल. इथेनॉल टाकीत साठलेला जुना मळ सोडवतो, तो पंपाच्या ओढीने जाळीवर येऊन बसतो. कमी पेट्रोल लागते तेव्हा बुजलेल्या जाळीतूनही भागते, म्हणून गावात त्रास नव्हता. घाटात दुप्पट-तिप्पट मागणी झाली की उणीव उघडी पडायची.

जाळी, टाकीतला फिल्टर आणि झाकणाखालचे रबर रिंग नवे घातले. रिंग जुनेच ठेवले तर टाकी भरल्यावर गाडीत पेट्रोलचा वास येतो, तेवढे पैसे वाचवू नयेत. टाकीच्या तळाचा गाळ लिंट न सुटणाऱ्या कापडाने टिपून घेतला. परत मोजले: तीस सेकंदांत ५४० मिली.

सुट्या भागांचे १,४०० झाले, अ‍ॅडॅप्टर आणि अ‍ॅपचे २,९००. एकूण ४,३००, म्हणजे सेन्सरच्या खर्चाएवढेच. फरक असा, की सेन्सर बदलून दिवा परत आला असता.

कोड पुसला, जुने शिकलेले ट्रिमही पुसले गेले, आणि सुमारे दीडशे किलोमीटर नेहमीसारखी चालवली. मग त्याच घाटात, त्याच गिअरला: लाँग टर्म अधिक ६, पाय दाबल्यावर सेन्सर ०.८६. आयडलिंगला अधिक ४. हे चार शून्यावर आणण्यासाठी आता काही उघडू नये. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१ आणि वीस टक्क्यांच्याला सुमारे १३.५. दहा टक्क्यांच्या जमान्यात घडलेल्या ईसीयूला २० टक्क्यांचे पेट्रोल मिळाले की तेवढ्यासाठीच सुमारे चार टक्के जास्त सोडावे लागते. हा आकडा आता नेहमीचाच समजायचा.

सरांनी वहीत लिहून ठेवले: आयडलिंग अधिक ४, घाट अधिक ६, इंजिन बंद असताना दाब ९४, अ‍ॅडॅप्टर काम झाल्यावर काढून ठेवणे. सोळा नंबरच्या पिनेला चावी बंद असतानाही करंट असतो. ४५ मिलिअँपिअर खाणारा अ‍ॅडॅप्टर लावून ठेवला तर दिवसाला एक अँपिअर-तासाहून जास्त जातो, आणि पावसाळ्यात दोन आठवडे उभी राहिलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी स्टार्टर फिरवण्याइतकी उरतेच असे नाही.